पत्ता नसलेली गाणी

दर काही महिन्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा इन्स्टावर एक पोस्ट फिरत येते. ‘तुम्हाला माहीत आहे का? जगातल्या सगळ्यात मोठ्या रॉक बँडपैकी एकाचा गायक आपल्या पाचगणीत शिकला!’ सोबत क्वीनच्या फ्रेडी मर्क्युरीचा फोटो: पिवळं जॅकेट, मिशी, वर उचललेली मूठ. खाली कमेंट्सची रांग. अभिमान आहे, गर्व आहे, भगवे झेंडे, बदामाचे इमोजी.

माहिती खरी आहे. फरोख बुलसारा ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबारमध्ये जन्मला. घर पारशी, वडील तिथल्या ब्रिटिश सरकारच्या नोकरीत रोखपाल. साधारण आठ वर्षांचा असताना आईवडिलांनी त्याला बोटीने भारतात पाठवलं आणि पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात ठेवलं. तिथे तो पियानो शिकला. तिथेच मित्र त्याला ‘फ्रेडी’ म्हणायला लागले. १९५८ च्या सुमाराला तिथेच पाच मुलांनी मिळून ‘द हेक्टिक्स’ नावाचा शाळेतला बँड काढला. गंमत म्हणजे त्यात फ्रेडी मुख्य गायक नव्हता, पियानोवर होता. १९६३ मध्ये तो झांझिबारला परतला, पुढच्याच वर्षी तिथे क्रांती झाली आणि बुलसारा कुटुंब सगळं सोडून लंडनजवळच्या फेल्टममध्ये आलं. पुढचं जगाला माहीत आहे.

मी अडकते ती त्या पोस्टमधल्या ‘आपल्या’ या शब्दापाशी. आपलं पाचगणी, आपला फ्रेडी. पण तो पाचगणीबद्दल फारसा कधी बोलला नाही. क्वीन त्याच्यासह भारतात कधी वाजवायला आलं नाही. त्याच्या अनेक ब्रिटिश चाहत्यांना तो भारतात शिकलाय, पारशी आहे, हे कळलं ते तो गेल्यावर. म्हणजे ज्याला आपण इतक्या प्रेमानं आपला म्हणतोय, त्यानं आपला पत्ता कुणाला सांगितला नव्हता.

यातून दोन प्रश्न निघतात. जगभर पोचण्यासाठी माणसानं आपला पत्ता मागे सोडला, तर तो मागच्यांचा विश्वासघात असतो का? आणि तो मोठा झाल्यावर त्याला ‘आपला’ म्हणायचा हक्क मागच्यांना कुठून मिळतो? हे प्रश्न मला एका मेलेल्या रॉकस्टारपुरते वाटत नाहीत. नाशिकमध्ये बसून रोज संध्याकाळी अमेरिकेतल्या टीमबरोबर कॉलवर असणाऱ्या माझ्यासारख्या हजारो जणांचे हे रोजचे प्रश्न आहेत. फक्त आपल्याला कुणी स्टेडियममध्ये ऐकत नाही, एवढाच फरक.

*

आधी नावाचं बघू. बुलसारा म्हणजे बुलसारचा. बुलसार म्हणजे आजचं वलसाड. नाशिकहून पेठ, धरमपूर करत गेलं की लागतं ते. तसं मोजलं तर पाचगणीपेक्षा फ्रेडीचं आडनावच नाशिकला जवळचं आहे. पारशी आडनावांत अशी गावं भरपूर सापडतात, भरूचचे भरुचा, बिलिमोऱ्याचे बिलिमोरिया. आपल्याकडे तर अर्धी डिरेक्टरी ‘कर’वर संपते. आडनाव म्हणजे खिशात ठेवलेला पत्ता असतो. माणूस झांझिबारला जातो, लंडनला जातो, पण हाक मारली की गाव सोबत येतं.

१९७० च्या आसपास त्यानं हा पत्ता खिशातून काढला आणि तिथे एका ग्रहाचं नाव ठेवलं. मर्क्युरी. बुध. बुध कुठल्याच तालुक्यात येत नाही.

माझ्या नावात ‘ज्ञ’ आहे. आपण त्याचा उच्चार ‘द्न्य’ करतो, हिंदीवाले ‘ग्य’ करतात, गुजराती ‘ग्न’. म्हणजे माझं नाव कोण कसं घेतं त्यावरून तो माणूस कुठला, हे मला कळतं. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात कॉलवर पलीकडच्यानं दोनदा प्रयत्न केला, हसला आणि विचारलं, काही सोपं आहे का? मी तोंड उघडायच्या आत आमच्याच मॅनेजर सरांनी दोन अक्षरांचा पर्याय सुचवला. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. तेव्हापासून चॅटमध्ये, ईमेलमध्ये, मी लिहिलेल्या कोडच्या प्रत्येक ओळीशेजारी तेच दोन अक्षरी नाव आहे. घरून काम सुरू झालं तेव्हा एकदा आईनं बाहेरच्या खोलीतून कॉल ऐकला आणि नंतर विचारलं, “ही कोण गं तुमच्यातली? सारखे तिलाच हाका मारत होते.”

मी खूप हसले होते. पण तेव्हापासून फ्रेडीकडे बघताना मला त्याचा राग येत नाही, आणि त्याच्या वतीनं अभिमानही चटकन येत नाही. एक कुतूहल वाटतं. माझं नाव इतरांच्या सोयीसाठी छोटं झालं. त्यानं मात्र स्वतः निवडून दुसरं घेतलं. दोन्हींत पत्ता गेला, पण ‘गेला’ आणि ‘सोडला’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

*

आता गाण्यांकडे. कारण नाव बदललं म्हणून कुणी जगप्रसिद्ध होत नाही. क्वीनला गाण्यांनी नेलं आणि ती कशी गेली हे बघण्यासारखं आहे.

पहिली गोष्ट, क्वीन म्हणजे एकटा फ्रेडी नव्हे. इंजिनिअर म्हणून मला हा बँड विशेष जवळचा वाटतो, कारण उरलेले तिघंही विज्ञानातून आलेले होते. गिटारवाला ब्रायन मे खगोलभौतिकीचं संशोधन करत होता. बँडसाठी त्यानं पीएचडी अर्धवट सोडली आणि २००७ मध्ये, साठीला आल्यावर, ती पूर्ण केली. त्याची गिटार त्यानं आणि त्याच्या वडिलांनी घरी बनवलेली, मानेचं लाकूड जुन्या शेकोटीच्या चौकटीचं. बासवाला जॉन डीकन इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर. कचऱ्यात सापडलेल्या एका सर्किट बोर्डातून त्यानं अँप्लिफायर बनवला आणि तो क्वीनच्या रेकॉर्डिंगमध्ये वापरला गेला. ड्रमवाला रॉजर टेलर आधी दंतवैद्यक आणि नंतर जीवशास्त्र शिकला. फ्रेडी ईलिंगच्या आर्ट कॉलेजातून ग्राफिक डिझाइन शिकून आलेला. बँडचं बोधचिन्ह त्यानंच काढलं.

चौघंही गाणी लिहायचे आणि चौघांचीही गाणी जगभर गाजली. ‘वी विल रॉक यू’ मेचं, ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ डीकनचं, ‘रेडिओ गा गा’ टेलरचं, ‘वी आर द चॅम्पियन्स’ फ्रेडीचं. हे फार कमी बँडच्या बाबतीत झालंय.

‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ १९७५ च्या ऑक्टोबरअखेरीस आलं. लांबी ५ मिनिटं ५५ सेकंद. रेडिओवर तीन-साडेतीन मिनिटांची गाणी चालायची असा तो काळ, त्यामुळे कंपनीला हे गाणं सिंगल म्हणून काढायचंच नव्हतं. त्यात धड पुन्हा पुन्हा येणारं ध्रुवपद नाही. सुरुवात भजनासारखी एकत्र आवाजात, मग पियानो, मग ऑपेरा, मग जोरदार रॉक, शेवटी पुन्हा शांत. ऑपेराच्या भागात तिघांनीच आपले आवाज इतक्या वेळा एकावर एक रेकॉर्ड केले की टेप झिजून आरपार दिसायला लागली, असं ते सांगायचे. लंडनच्या कॅपिटल रेडिओवरचा निवेदक केनी एव्हरेट हा फ्रेडीचा मित्र. त्यानं एका वीकेंडला ते चौदा वेळा वाजवलं. पुढे ते ब्रिटनमध्ये नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. १९९१ मध्ये फ्रेडी गेल्यावर ते पुन्हा निघालं आणि पुन्हा पहिलं आलं.

हे गाणं कुठल्या गावाचं? नीट विचार केला तर उत्तर येत नाही. इटालियन नाटकातली पात्रं आहेत, एक अरबी शब्द आहे, अमेरिकन रॉक आहे, चर्चमधल्या कॉयरचे सूर आहेत. पाचगणीच्या शाळेत कॉयरमध्ये गायलेला, सुट्टीत मुंबईला नातेवाइकांकडे राहून रेडिओवर जे लागेल ते ऐकणारा, झांझिबारमध्ये बांग ऐकत वाढलेला पारशी मुलगा असंच काहीतरी बनवेल, असं आज म्हणता येतं. पण गाणं स्वतः हे सांगत नाही. ते कुठूनही आलेलं असू शकतं आणि म्हणून कुठेही जाऊ शकतं.

दुसरं गाणं याहून महत्त्वाचं. १९७७ मध्ये इंग्लंडमधल्या एका कार्यक्रमानंतर प्रेक्षक जागचे हलेनात, तेच बँडसाठी गायला लागले. मेच्या डोक्यात प्रश्न आला, खच्चून भरलेल्या हॉलमध्ये दाटीवाटीनं उभ्या माणसाला काय काय करता येतं? पाय आपटता येतात, टाळी वाजवता येते, गाता येतं. बस. त्यावरून त्यानं ‘वी विल रॉक यू’ रचलं. दोनदा पाय, एकदा टाळी. त्यात ड्रमसेट नाहीच, गिटारही थेट शेवटी येते. रेकॉर्डिंग एका जुन्या चर्चच्या इमारतीतल्या स्टुडिओत झालं. लाकडी फळ्यांवर पाय आपटून आवाज घेतला, आणि मग मेनं आपलं भौतिकशास्त्र वापरून त्या आवाजाच्या प्रती अगदी थोड्या थोड्या उशिरानं एकमेकांवर ठेवल्या. ते उशीर त्यानं मूळ संख्यांच्या प्रमाणात ठेवले, म्हणजे प्रतिध्वनीसारखं न वाटता हजारो माणसं वेगवेगळ्या अंतरांवर उभी आहेत असं वाटावं. म्हणजे गर्दी येण्याआधीच त्यानं गाण्यात गर्दीची जागा करून ठेवली.

आता हे आठवा: तुम्ही हे गाणं पहिल्यांदा कुठे ऐकलं? कॉलेजच्या गॅदरिंगला, क्रिकेटच्या मॅचला, कुठल्या तरी जाहिरातीत. बहुतेकांना क्वीन हे नाव माहीत नसताना ते वाजवता येत होतं. इंग्रजी यावं लागत नाही. सूर लागावा लागत नाही. पाय आणि हात पुरतात.

नाशिकच्या वाचकाला यात नवीन वाटायचं कारण नाही. नाशिक ढोल हाच प्रकार आहे. ठेका सुरू झाला की मिरवणुकीतला कुणीही, कडेला उभा असलेला पाहुणासुद्धा, त्यात शिरतो. फरक एकच आणि तो मजेशीर आहे. नाशिक ढोलला पत्ता आहे, रचनाकार नाही. मुंबईपासून दिल्लीपर्यंतचे डीजे ‘नाशिक ढोल’ नावानं तो ठेका वाजवतात, पण तो कुणी बसवला ते कुणी विचारत नाही. ‘वी विल रॉक यू’ला रचनाकार आहे, पत्ता नाही. दोन्ही जगतात मात्र एकाच कारणानं. ऐकणाऱ्यासाठी त्यात एक जागा मोकळी सोडलेली आहे.

१३ जुलै १९८५ ला वेम्बली स्टेडियममध्ये इथिओपियाच्या दुष्काळग्रस्तांसाठी ‘लाइव्ह एड’ झाला. क्वीनच्या वाट्याला साधारण एकवीस मिनिटं. ‘रेडिओ गा गा’ला सुमारे बहात्तर हजार माणसांचे हात एकदम वर जाऊन टाळी वाजते, तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेलच. नसेल तर मोबाइलवर आत्ता बघा, निबंध कुठे जात नाही. त्यात लक्ष देण्यासारखी गोष्ट फ्रेडीचा आवाज नाही. तो एक सूर घेतो, थांबतो आणि गर्दी तो परत देते, ते बघा. तो मागतोय आणि ते देतायत.

*

इथपर्यंत सगळं छान आहे. पत्ता सोडला, गाणी हलकी झाली, जगभर उडाली. पण कुठेही जाऊ शकणारं गाणं खरंच कुठेही जातं, आणि क्वीनची गाणी एका वाईट ठिकाणीही गेली.

ऑक्टोबर १९८४. लाइव्ह एडच्या नऊ महिने आधी. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाचं राज्य होतं. संयुक्त राष्ट्रांनी कलाकारांना तिथे जाऊ नका असं आवाहन केलेलं होतं, ब्रिटिश संगीतकारांच्या संघटनेनं आपल्या सभासदांना मनाई केली होती. क्वीन तरीही सन सिटी नावाच्या आलिशान रिसॉर्टमध्ये वाजवायला गेलं. संघटनेनं दंड केला, संयुक्त राष्ट्रांच्या यादीत नाव चढलं. बँडचं म्हणणं होतं की आम्ही राजकारण करत नाही, जो ऐकायला येईल त्याच्यासाठी वाजवतो. तिथल्या अंध आणि मूकबधिर मुलांच्या शाळेला त्यांनी पैसेही दिले.

मला हा प्रसंग सोडून पुढे जाता येत नाही. त्या देशाच्या कायद्यात माणसाची जागा त्याच्या कातडीच्या रंगावरून आणि वंशावरून ठरत होती. फरोख बुलसारा नावाचा, झांझिबारमध्ये जन्मलेला, भारतीय वंशाचा एखादा साधा कारकून तिथे राहत असता तर सरकारनं त्याला ‘एशियन’ या खान्यात टाकलं असतं, कुठे राहायचं ते त्या खान्यावरून सांगितलं असतं आणि देशातल्या काही भागांत राहायला बंदीच केली असती. फ्रेडी मर्क्युरी मात्र त्याच देशात स्टार म्हणून उतरला आणि गायला.

म्हणजे पत्ता नसणं हे नेहमी स्वातंत्र्यच असतं असं नाही. कधी कधी ती सवलत असते. तुझा पत्ता दिसत नाही म्हणून तुला आत सोडलं, आणि ज्याचा दिसतो तो बाहेर उभा आहे.

*

आता पहिल्या प्रश्नाकडे जाऊ. पत्ता लपवणं हा विश्वासघात होता का?

नाही, असं म्हणायला भक्कम कारणं आहेत. १९६४ मध्ये सतरा वर्षांचा मुलगा सामान मागे टाकून इंग्लंडमध्ये येतो. १९६८ च्या एप्रिलमध्ये इनॉक पॉवेल हा खासदार स्थलांतरितांविरुद्ध त्याचं कुप्रसिद्ध भाषण करतो. १९७६ च्या जूनमध्ये, म्हणजे ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ पहिल्या क्रमांकावर असल्याला वर्षही झालेलं नसताना, साउथॉलमध्ये गुरदीपसिंग चग्गर या तरुणाचा वंशद्वेषातून खून होतो. साउथॉल फेल्टमपासून काही मैलांवर आहे. अशा शहरात ‘मी कुठला’ हे सांगायचं की नाही, हे त्या माणसानंच ठरवायचं. नाशिकमध्ये पंख्याखाली बसून मी ते ठरवू शकत नाही.

शिवाय न सांगणं म्हणजे खोटं बोलणं नाही. खोटं बोलणारा तुमच्या डोक्यात एक चुकीची गोष्ट मुद्दाम घालतो. न सांणारा फक्त दार लावून घेतो, आणि प्रत्येकाच्या घराला दार असतं. त्यानं सगळं पुसलंही नव्हतं. १९७८ च्या ‘जॅझ’ अल्बममधलं ‘मुस्तफा’ ऐका, पहिल्या काही सेकंदांतच झांझिबार ऐकू येतं. २४ नोव्हेंबर १९९१ ला तो एड्सनं गेला, आजार जाहीर केला त्याच्या दुसऱ्याच दिवशी. लंडनमध्ये त्याचे अंत्यसंस्कार पारशी दस्तुरांनी केले. जो जगासाठी मर्क्युरी होता, तो आईवडिलांसाठी शेवटपर्यंत बुलसाराच होता. मग घरच्यांचा विश्वासघात कुठे झाला?

पण याविरुद्धचा एक मुद्दा मला सहज खोडता येत नाही. १९७५ मध्ये साउथॉलमध्ये राहणाऱ्या, शाळेत रोज शिव्या खाणाऱ्या एखाद्या गुजराती किंवा पंजाबी मुलाला कळलं असतं की रेडिओवरचा हा आवाज आपल्यातल्याचा आहे, तर त्याची मान थोडी वर झाली असती. ते त्याला मिळालं नाही. हे नुकसान खरं आहे. तरीही मी म्हणेन की ते देणं औदार्य ठरलं असतं. कर्तव्य म्हणून ते वसूल करता येत नाही. एखाद्याच्या जगण्याचा झेंडा करायचा की नाही हा निर्णय त्याचाच. आधीच दोन-तीन ओझी वाहणाऱ्या माणसाला ‘आमचंही घे’ असं सांगता येत नाही.

सन सिटीचं मात्र असं नाही. तिथे प्रश्न स्वतःबद्दल गप्प राहण्याचा नव्हता. दुसऱ्यांवर उघड अन्याय चाललेला असताना ‘आमची गाणी सगळ्यांसाठी आहेत’ असं म्हणून आत जाण्याचा होता. माझ्या मते सगळा फरक इथे आहे. स्वतःचा पत्ता न सांगायचा हक्क प्रत्येकाला आहे. दुसऱ्याला त्याच्या पत्त्यावरून बाहेर उभं केलंय, हे दिसत असताना ‘पत्त्यांशी माझा संबंध नाही’ असं म्हणायचा हक्क कुणालाच नाही. त्याच्या पहिल्या मौनाला मी प्रश्न विचारणार नाही. दुसऱ्याला विचारेन. त्याचा आवाज मला कितीही आवडत असला तरी.

आणि हे आपल्यालाही लागू होतं. माझ्या नावातला ‘ज्ञ’ परत मागायचा की नाही, हे माझं मी बघेन. पण टीममध्ये कुणाच्या आडनावावरून, उच्चारावरून, गावावरून चेष्टा चालली असेल तेव्हा ‘मी कामाशी काम ठेवते’ हे उत्तर पुरत नाही.

*

उरला दुसरा प्रश्न. त्याला ‘आपला’ म्हणायचा हक्क कुणाला?

रांगेत फक्त आपणच नाही. झांझिबारही आहे. २००६ मध्ये त्याच्या साठाव्या जन्मदिनानिमित्त तिथे समुद्रकिनाऱ्यावर कार्यक्रम ठरला होता. तो समलैंगिक होता म्हणून धार्मिक गटानं विरोध केला आणि कार्यक्रम रद्द झाला. २०१९ मध्ये त्याच गावात त्याच्या नावानं संग्रहालय उघडलं. तेरा वर्षांत नको असलेला माणूस हवासा झाला.

हसण्याआधी आपलं बघू. फ्रेडी पाचगणीहून गेला तेव्हा आपल्याकडे कलम ३७७ होतं. ब्रिटिशांनी १८६० च्या दंडसंहितेत घातलेलं. ब्रिटिशांनी इंग्लंड आणि वेल्समध्ये तसला कायदा १९६७ मध्ये सैल केला, आपण त्यांचा वारसा ६ सप्टेंबर २०१८ पर्यंत जपून ठेवला. सर्वोच्च न्यायालयाचा तो निकाल आल्यावर जेमतेम दोन-तीन महिन्यांत ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हा सिनेमा आला आणि ‘आपला पाचगणीचा’वाल्या पोस्टना ऊत आला. म्हणजे हा माणूस इथेच राहिला असता, तर त्याच्या हयातीत आपला कायदा त्याला गुन्हेगार म्हणाला असता. नातेवाइकांनी लग्नासाठी स्थळं आणली असती. पुढे आलेल्या दातांवरून आणि हातवाऱ्यांवरून गल्लीत नाव पडलं असतं. तेव्हा आपण त्याला ‘आपला’ म्हणालो असतो का?

‘आपला’ हा शब्द आपण बक्षिसासारखा वापरतो. जिंकून आलास, ये, आता तू आपला. पण घरात हा शब्द असा वापरत नाहीत. घरात तो आधी म्हणतात, काही सिद्ध व्हायच्या आधी, आणि म्हटल्यावर त्याचा खर्च उचलतात. क्वीनलाही हा ‘कुणाचं’चा प्रश्न सुटला नव्हता. कोणतं गाणं कुणाच्या नावावर आणि कुणाला किती पैसे, यावरून त्यांच्यात वर्षानुवर्षं कुरबुरी चालल्या. आमच्याकडे ‘गिट ब्लेम’ नावाची कमांड आहे, कोडची कुठली ओळ कुणी लिहिली ते सांगते. तिच्यावरून झालेली भांडणं मी पाहिली आहेत, म्हणून मला हे चांगलं कळतं. शेवटी १९८९ च्या ‘द मिरॅकल’ अल्बमपासून त्यांनी ठरवलं की कुणीही लिहो, गाणं क्वीनचं. श्रेय आधीच वाटून टाकलं, गाणं हिट होईल की नाही ते कळायच्या आधी.

पाचगणीच्या खात्यावरही अशी एक आधीची गोष्ट आहे, आणि अभिमान बाळगायचाच तर मी तिचा बाळगेन. शाळेच्या मुख्याध्यापकांच्या लक्षात आलं की या मुलाला संगीताची जाण आहे. त्यांनी झांझिबारला आईवडिलांना पत्र पाठवलं, थोडी जास्त फी भरलीत तर याला पियानो शिकवता येईल. आईवडिलांनी हो म्हटलं. एवढंच. त्या पत्राच्या वेळी रॉकस्टार कुठेच नव्हता. घरापासून समुद्रापलीकडे ठेवलेला, दातांवरून चिडवला जाणारा एक लाजाळू मुलगा होता. कुणीतरी त्याच्यासाठी पत्र लिहिण्याइतका वेळ काढला, आणि कुणीतरी रोखपालाच्या पगारातून फी काढली.

तसं पत्र लिहायची वेळ नाशिकमध्येही रोज कुणावर तरी येत असणार. कुठल्या तरी सोसायटीत कुणीतरी ड्रम बडवतंय आणि ग्रुपवर तक्रार पडतेय. कुणीतरी वेगळं चालतंय, वेगळं बोलतंय, आणि त्याच्या मागे हसू येतंय. तो बहुतेक जगप्रसिद्ध होणार नाही. त्याच्या नावानं पोस्ट फिरणार नाही आणि त्याला आपला म्हटल्यानं आपल्याला काहीही मिळणार नाही. म्हणूनच त्याला आत्ता तसं म्हणण्यात काही अर्थ आहे.